समुद्रफुलातली जोडी

चिंचवड,
२३ जून १९५५

श्री. यशवंतराव यांस,
कृतानेक सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेम. तुमचं मंडपमच्या मासे-संशोधन केंद्रातलं पत्र मंगळवारी मिळालं. तीन पानी पत्र, आणि त्यात अडीच पानं मासे! उरलेल्या अर्ध्या पानात आत्याबाईंचे गुडघे, घराची कौलं आणि मी. असो. आत्याबाईंना, तुमच्या आईंना, पत्र वाचून दाखवताना मी माशांची पानं गाळली आणि गुडघ्यांवरच्या दोन ओळी चांगल्या लांबवून वाचल्या, त्यामुळे त्या खूश आहेत.

आता तुमच्या माशांच्या जोडीचं आधी सांगते, नाहीतर पुढचं पत्र तुम्ही वाचायचे नाही. दोघं ठीक आहेत. मोठी दिवसेंदिवस जाडच होत चालली आहे. तिच्या काळ्या अंगावरचे दोन पांढरे पट्टे आता इतके ठळक दिसतात की शेजारच्या पोरी मुद्दाम बघायला येतात. धाकटा तसाच लुकडा, पिवळी शेपटी हलवत तिच्या मागेमागे. टाकीतलं समुद्रफूल, फुलासारखं दिसलं तरी प्राणीच ते, सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आली की ताटाएवढं पसरतं. परवा एक नदीतला बोटभर मासा त्यावर टाकून पाहिला, तुम्ही सांगितलं होतं तसा. फुलाला नुसता टेकला आणि आखडून गेला, मग फुलानं त्याला आत ओढून घेतलं. आणि ही दोघं फुलाच्या त्याच डसणाऱ्या काट्यांत गादीवर लोळावं तशी लोळतात! तुम्ही समजावून सांगितलंत तरी मला अजून दरवेळी धस्स होतं.

लालमहंमद ड्रायव्हरनं कारखान्याच्या ट्रकमधून मुंबईहून समुद्राचं पाणी आणून दिलं. गवतात गुंडाळलेले दोन काचेचे बुधले सोप्यात उतरवले आणि म्हणाला, "वैनी, समिंदर आनलाय. खंडाळ्याचा घाट चढलो, पन थेंब सांडू दिला न्हाई." ट्रकची जुनी ट्यूब फाटली होती, ती बदलूनही त्यानंच दिली. रोज सकाळ-संध्याकाळ सायकलच्या पंपानं ती ट्यूब फुगवायची आणि बारीक नळीतून तिची हवा टाकीत सोडायची, ही तुमची युक्ती ऐकून त्याच्या मालकालाही फार हसू आलं म्हणे. पंप मारता मारता माझा मात्र दम जातो. सहावा महिना सरत आला आहे, हे तुमच्या लक्षात असेलच.

आता मुख्य बातमी. रविवारी मोठीनं अंडी घातली! त्याआधी दोन दिवस धाकटा फुलाशेजारचा दगड तोंडानं घासघासून साफ करत होता, त्यावरून मी ओळखलंच होतं. नारिंगी दाण्यांचा एक गालिचाच. घातली हिनं आणि राखणीला बसला तो. पंखांनी वारा घालतो, मध्येच तोंड अगदी जवळ नेऊन एकेक अंडं बघतो, खराब झालेलं वेचून खाऊन टाकतो. मी काचेला बोट लावलं तर बोटावर धावून आला. मागच्या खेपेला तुम्ही भिंगातून दाखवलं होतंत, आधी डोळे आणि तोंड तयार होतं, बाकीचं मागाहून, ते आता मला नुसत्या डोळ्यांनीही दिसतं असं वाटतं.

आणि नेमकं सोमवारी ग्रहण! त्यात सोमवती अमावास्या. आत्याबाईंनी पहाटेच फर्मान काढलं, "इंदे, समदं पानी फेकून दे. हंडे, घागरी, अन् ती काचंची पेटी बी." मी म्हटलं, "आत्याबाई, हे समुद्राचं पाणी आहे. ग्रहण लागलं म्हणून समुद्र कुणी उपसून टाकतं का?" त्या म्हणाल्या, "बरं, मग तुळशीचं पान तरी टाक त्यात." मी पान टाकलं. धाकट्यानं ते खाण्याचं आहे का हे पाहिलं आणि सोडून दिलं.

त्या नदीवर गेल्या आणि मला बजावून गेल्या, आतल्या खोलीत पडून ऱ्हा, काही चिरू नको, कापू नको. पण अंडी असताना एक दिवसही खाणं चुकवायचं नाही, बाप उपाशी राहिला तर आपलीच अंडी खातो, असं तुम्ही मागच्या पत्रात खाली रेघ मारून लिहिलेलं. मग मी काय करणार? विळी घेतली, पवनेतले झिंगे होते ते बारीक कापले आणि टाकले. आत्याबाईंनी आल्याआल्या ओली विळी पाहिली. "काय चिरलंस?" मी म्हटलं, तुमच्या लेकानं सांगितलंय, त्यांच्या माशांना. झालं! हात जोडले देवाला आणि आत निघून गेल्या. तुमचं नाव घेतलं की या घरात पुढचं वाक्यच उरत नाही.

ग्रहण काही दिसलं नाही. आभाळ गच्च भरलेलं होतं.

पोटातली स्वारी टाकीपाशी बसलं की लाथा मारते, तेव्हा कुणावर गेली आहे ते उघडच आहे. मुलाचं आणि मुलीचं, दोन्ही नावं कळवून ठेवा. माशांसारखी लॅटिन नको. प्रकृतीला जपावे.

आपलीच,
सौ. इंदु


सांगवी,
१२ ऑक्टोबर १९५५

श्री. यशवंतराव यांस,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आम्ही सर्व खुशाल आहोत. तुमचं गेल्या महिन्यातलं पत्र चिंचवडहून माझ्या भावानं, ज्योतीरामनं, आणून दिलं. तो कारखान्यात जाता-येता सायकलवरून तिकडे डोकावतो आणि माशांना खायला घालतो. लालमहंमद ट्यूब भरतो. तेव्हा मी माहेरी असले तरी तुमची जोडी उपाशी नाही. समुद्रफूल मध्यंतरी आक्रसून बसलं होतं, पाणी बदलल्यावर उमललं. मधल्या काळात आणखी एकदा अंडी झाली. पिल्लं निघाली ती टिकली नाहीत.

ज्योतीराम म्हणतो, धाकटा आता त्याला ओळखतो. मी म्हटलं, हातातला झिंगा ओळखत असेल.

इकडे हवा बरी आहे. आईनं अळीव, डिंक, सगळं वेळेवर केलं. माझ्या अंगात आता बरी ताकद आहे. मुलगी झाल्याची तार तुम्हाला पोचली असेल. उत्तर आलं नाही, पण मंडपमला टपाल उशिरा पोचतं हे मला माहीत आहे.

मुलगी गोरी आहे. केस दाट आहेत, कपाळ तुमचं आहे. डोळे इतके टपोरे की आई सारखी दृष्ट काढत बसते. रडते फारशी नाही. रात्री कंदिलाकडे टक लावून बघत राहते.

दूध मात्र तिला ओढता येत नाही. बोंडल्यानं पाजावं लागतं. आईच्या माळ्यावर माझ्याच वेळचं पितळेचं बोंडलं होतं, ते घासून घेतलं. त्याच्या चोचीतून थेंबथेंब सोडायचं, मान जरा वर धरायची, नाहीतर नाकातून येतं. सुरुवातीला मला जमत नव्हतं, आता जमतं.

तुम्हाला तारेत लिहिलं नाही, कारण तारबाबूला ते कसं सांगणार. तिचा वरचा ओठ दुभंगलेला आहे. डाव्या बाजूला, नाकपुडीपर्यंत. टाळू चांगली आहे, बाकी सगळं सगळं चांगलं आहे. हाताची बोटं तर बघत राहावीत अशी आहेत.

आता लिहूनच टाकते. पाचवीला आत्याबाई आल्या होत्या. लाल खणाची कुंची शिवून आणली होती, तिला मोती लावले होते. त्यांनी बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं. ओठाकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिशी काय चिरलं व्हतंस, आठवतंय का?" माझ्या आईनं हातातली परात खाली ठेवली. आत्याबाई उठल्या, चहा घेतला नाही. कुंची पिशवीतच परत गेली.

त्यानंतर त्यांनी चिंचवडात घरोघर सांगितलं आहे. सुनेनं ग्रहण पाळलं नाही. पोटुशी बाई भर ग्रहणात विळीवर बसली. आता मी रस्त्यानं गेले तर बायका माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघतील.

मी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. फार चांगल्या आहेत. म्हणाल्या, असा ओठ शिवता येतो, मूल चार महिन्यांचं होऊन जरा अंगानं भरलं की लगेच शिवायचा, खूण राहते पण बारीक. मी त्यांना ग्रहणाचं विचारलं. हसल्या नाहीत, ते मला आवडलं. म्हणाल्या, पोटात ओठ जुळायचा तो दुसऱ्या महिन्यातच जुळतो, नाहीतर राहतो. जूनमध्ये मला सहावा होता. झिंगे कापले तेव्हा जे व्हायचं ते होऊन कितीतरी दिवस लोटले होते. मला तेव्हा तुमचं भिंग आठवलं. आधी डोळे आणि तोंड, बाकीचं मागाहून. तुम्हीच मला दाखवलं होतंत.

आत्याबाई शस्त्रक्रियेला तयार नाहीत. ज्योतीराम विचारायला गेला तर त्याला म्हणाल्या, "एकदा कापलं ते पुरं झालं. देवानं दिलेल्या खुणेला आनिक लोखंड लावायचं न्हाई." घरातून त्यांची परवानगी नसली तर मी काही करू शकत नाही, हे तुम्ही जाणता. माझं त्या ऐकणार नाहीत. डॉक्टरीणबाईंचं तर नाहीच नाही. तुमचं ऐकतील.

तुम्ही त्यांना फक्त एक ओळ लिहा. झिंग्यांचा आणि ओठाचा संबंध नाही, एवढंच. मला पाठवलीत तरी चालेल, मीच त्यांना वाचून दाखवीन. आणि मुलीचं नाव कळवा. बारसं अडून राहिलं आहे, आई रोज विचारते.

दिवाळीला येणार आहात असं पत्रात आहे. वाट बघते.

आपली,
सौ. इंदु


चिंचवड,
१९ जानेवारी १९५६

श्री. यशवंतराव यांस,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. धाकट्याच्या प्रयोगाचं काय झालं, म्हणून त्यात चार ठिकाणी विचारलं आहे. लिहिते. तुमच्या कामात माझ्यामुळे खोळंबा व्हायला नको.

तुम्ही सांगून गेलात तसं धाकट्याला जाळीनं काढून शेजारी काचेच्या बरणीत ठेवलं. तेच पाणी, तीच हवा, खाणंही तेच, फक्त समुद्रफूल नाही. पहिले दोन दिवस तो काचेला तोंड लावून टाकीकडे बघत होता. मग बघायचा थांबला आणि बरणीच्या तळाशी आडवा पडून राहू लागला. मोठीला काही फरक पडल्याचं दिसलं नाही. खात होती, फुलात निजत होती. एका आठवड्यानं त्याला परत टाकीत सोडला.

सोडला त्या वेळी आत्याबाई सोप्यात वाती वळत होत्या. त्या तुमच्या टाकीकडे सहसा बघत नाहीत, त्या दिवशी बघत होत्या. धाकटा सुटला तो सरळ फुलात घुसला, आपलं घर म्हणून. आणि फुलानं त्याला डसलं. नदीतल्या माशाला डसतं तसंच. कुशीवरचं कातडं चिकटून बसलं. अंगाला हिसका देऊन सुटला आणि कोपऱ्यात जाऊन थरथरत राहिला. काळ्या अंगावर तिथे पांढरा चट्टा उठला.

आत्याबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. "अगं बया!" म्हणाल्या, "त्येच्याच घरात त्येला डसलं? घरचंच व्हतं की गं ते. चार दिस भायेर काय ऱ्हायलं, तर वळख न्हाई?" आणि खरं सांगते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच वेळी आतल्या खोलीत तुमची मुलगी रडत होती. मी उठले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं, रडू दे वाईच. बिचाऱ्या माशाकडं बघ."

पुढचंही लिहिते, कारण तुम्हाला पाहिजे ते पुढेच आहे. बऱ्याच वेळानं धाकटा कोपऱ्यातून निघाला. या वेळी घुसला नाही. फुलाच्या अगदी कडेला आला आणि शेपटीचं टोक तेवढं टेकवलं. झटकन मागे. पुन्हा आला, पुन्हा टोक. मग पोटाची बाजू जरा घासली. मागे. असं सकाळपासून चाललं ते दिवेलागणीपर्यंत. दरवेळी थोडं जास्त अंग लावायचं, थोडा जास्त वेळ सोसायचं. संध्याकाळी बघितलं तर तो फुलात मोठीशेजारी निजला होता. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर आहे. अंगावरच्या बुळबुळीला फुलाची सवय होते, ती आठवड्यात सुटते आणि एका दिवसात पुन्हा लागते. मंडपमच्या साहेबांना खुशाल सांगा.

मीसुद्धा डिसेंबरात परत आले तेव्हा तसंच केलं होतं. ते तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिते. आधी नुसती ओसरीवर बसले. मग पाया पडले, त्यांनी पाय मागे घेतले. दुसऱ्या दिवशी विचारल्याशिवाय चूल पेटवली. मग धुणं, मग देवाची भांडी. विळीला हात लावला नाही. भाजी त्या चिरतात, मी फोडणी घालते. तुमच्या धाकट्याला एक दिवस पुरला, मला महिना झाला आणि चट्टे अजून उठतातच. एकट्या माझ्या अंगावर उठले असते तर मी ते कुणाला दाखवलेही नसते.

मुलीला त्यांनी मागच्या खोलीत ठेवायला लावलं आहे. कुणी आलं की ती कुंची काढतात, लाल खणाची, आणि तिच्या डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढतात. एकदा मी आले तेव्हा मोती ओठाच्या चिरेत टोचत होता आणि ती आवाज न करता रडत होती. इतक्या लहान मुलाला आवाज न करता रडता येतं हे मला माहीत नव्हतं. तिला त्या गिराणी म्हणतात, म्हणजे ग्रहणातली. "गिराणी जागी झाली, बघ." गल्लीतल्या पोरांनी ऐकलं, आता तीही म्हणतात. नाव नाही ना दुसरं.

दिवाळीत तुम्ही चार दिवस होतात. मी आईला आणि ज्योतीरामला घेऊन, मुलीला नवं झबलं घालून, पाडव्याला इथे आले आणि तुम्ही निघेपर्यंत राहिले. तुम्ही टाकीपाशी उकिडवे बसला होतात. नळीनं तळाचा गाळ काढत होतात, धाकट्यानं तेव्हा पुन्हा अंडी राखायला घेतली होती म्हणून हात फार जपून चालवत होतात. मी पाळणा तुमच्यापासून हातभर अंतरावर आणून ठेवला. तुम्ही म्हणालात, "उजेड अडवू नकोस."

मी तुमच्या ऑक्टोबरातल्या न आलेल्या पत्राबद्दल विचारलं. एक ओळ मागितली होती, ती आता तोंडानंच सांगा म्हटलं, आत्याबाई समोरच आहेत. तुम्हाला सगळं माहीत होतं. दुसऱ्या महिन्यात काय होतं आणि सहाव्यात काय होतं, हे या पंचक्रोशीत तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असेल? आत्याबाईंनी वातीचा कापूस खाली ठेवला होता. त्या तुमच्या तोंडाकडे बघत होत्या. मला अजूनही वाटतं, तुम्ही म्हणाला असतात तर त्यांनी त्याच क्षणी ऐकलं असतं. कदाचित त्यांनाही ऐकायचंच होतं. शेवटी नात आहे.

तुम्ही नळीचं तोंड बोटानं दाबून धरलंत आणि म्हणालात, "आईचं मन मोडून मला काही करता यायचं नाही. आणि तूही एक दिवस मासे उपाशी ठेवले असतेस, तर काय बिघडलं असतं?"

यशवंतराव, मला ते वाक्य समजायलाच वेळ लागला. पत्रात खाली रेघ कुणी मारली होती? मी आत्याबाईंचा राग धरत नाही. त्यांना जे शिकवलं गेलं ते त्या मानतात, आणि ग्रहणाला त्या खरोखरच भितात. तुम्ही भीत नाही. तुमचा त्यावर काडीचा विश्वास नाही. तुम्ही नुसते माझ्यावर ढकलून मोकळे झालात, कारण ते सोयीचं होतं आणि गाळ काढायचा राहिला होता. मग रात्री जेवणं झाल्यावर मला धाकट्याचा प्रयोग कसा करायचा ते समजावून सांगत बसलात, जाळी कशी धरायची, काय काय बघायचं. मुलीचं नाव विचारलं तर म्हणालात, आई ठरवेल.

धाकटा खराब अंडी वेचून खातो, हे तुम्ही मला किती कौतुकानं सांगितलं होतं. मी तेव्हापासून त्याला पुष्कळ वेळा बघितलं आहे. तो खातो हे खरं. पण त्याआधी त्या एकेका अंड्याजवळ तोंड नेऊन नीट बघतो, दिवसभर बघतो, वारा घालतो, बोटावर धावून येतो. तुम्ही चार दिवसांत पाळण्यात एकदाही वाकून बघितलं नाहीत. जाताना चपला घालायला पाळण्याचाच आधार घेतलात, तेव्हासुद्धा नाही.

हे लिहून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

काल ज्योतीराम आला होता. त्यानं आत्याबाईंच्या देखत सांगितलं, "ताई, चल. पोरीचा व्हट शिवून घिऊ, बाकीचं मागनं बगू." आत्याबाई म्हणाल्या, "गेलीस तर ह्या उंबऱ्यात परत पाय ठेवू नगंस." मी त्यांना म्हटलं, बरं. एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. लालमहंमद उद्या पहाटे ट्रक घेऊन पुण्याला निघतो आहे, तो आम्हाला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यापर्यंत सोडील. त्याच्या बायकोनं, झुलेखानं, मुलीसाठी गोधडी दिली आहे. ज्या माणसाला तुमच्या सोप्यात गेली दोन वर्षं दांडी तुटलेल्या वेगळ्या कपात चहा मिळतो, त्याच्याकडे मी परवा मुलगी घटकाभर दिली होती. त्यानं तिच्या ओठाकडे बघितलं आणि म्हणाला, "हुशार हाय पोरगी. बगा, कशी हसती." आणि ती हसत होतीच. चार महिन्यांत तिला हसताना बघणारा या घरातला कुणी नाही, हे मला तेव्हा कळलं. मला आधी कळायला हवं होतं.

ओठ शिवल्यावर मी सांगवीला आईकडे राहीन. परत येणार नाही. त्या धाकट्याची गोष्ट वेगळी आहे, त्याला त्या टाकीत दुसरं फूल नाही.

आता माशांचं, म्हणजे तुमचं पत्र वाचणं सार्थकी लागेल. मोठी, धाकटा आणि समुद्रफूल तिन्ही नीट आहेत. टाकी मी काल साफ केली. पाण्याची खूण काचेवर आहे, पाणी आटेल तसं तिथपर्यंत विहिरीचं पाणी घालायचं. ट्यूब महिनाअखेरपर्यंत लालमहंमद भरील, त्यानं शब्द दिला आहे. पुढे त्याचा ट्रक नाशिकच्या रस्त्याला लागणार आहे. त्यानंतर पंप मारायला घरात फक्त आत्याबाई. त्या माझ्या सांगण्यावरून त्या पंपाला हात लावणार नाहीत. तुमच्या सांगण्यावरून लावतील, गुडघे दुखत असले तरी लावतील. तुम्ही त्यांना फक्त एक ओळ लिहा. ट्यूबमध्ये रोज हवा भरत जा, एवढंच. शेजारची कुणीही वाचून दाखवील.

ही ओळ तुम्ही लिहाल. उलट टपाली लिहाल, कदाचित तारच कराल. त्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

मुलीचं नाव मी ठेवलं आहे. खाली सहीत आहे, तेवढं तरी वाचाल.

आवडीची आई,
इंदु